भोकांत मावलेली हाक

मित्रांनो, मी एक जुने कार्ड आहे. पत्त्यांच्या डावातले नव्हे आणि पोस्टाचेही नव्हे. पंज्याहून थोडे लांब, सायीच्या रंगाचे, डावा खांदा तिरका कापलेले, अंगभर बारीक चौकोनी भोके पाडलेले. माझ्या एका कोपऱ्यावर शेंगाच्या चटणीचा तेलकट डाग आहे. मला पाहून कुणालाही वाटेल की याला कसर लागली. ती कसर नाही. त्या भोकांत एका बाईची हाक आहे. ती तिथे कशी आली, ते सांगते.

माझा कागद कुठे तयार झाला ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा मी सोलापुरात होते, एका गिरणीच्या आवारातल्या गार खोलीत, माझ्यासारख्याच कोऱ्या भावंडांच्या गठ्ठ्यात. साल चौऱ्याहत्तर असावे. बाहेर ऊन असे की रस्त्याचे डांबर चपलेला चिकटावे, आणि आत नीलम्मा नावाची मुलगी वैशाखात स्वेटर घालून बसलेली. तो गारवा माणसांसाठी नव्हता. खोलीत एक कॉम्प्युटर होता, दोन लोखंडी कपाटांएवढा, आणि त्याला उकाडा सोसत नसे. तो गिरणीचे पगार करी, आणि वेळ उरला की बाहेरच्या कचेऱ्यांची आकडेमोडही करून देई.

त्याला काहीही सांगायचे तर एकेका ओळीने सांगावे लागे, आणि एका ओळीला एक कार्ड. केशर नावाची दुसरी मुलगी कागदावर ओळ लिही. नीलम्मा ती पंच मशीनवर घेई. खट् खट् आवाज होई आणि आमच्या अंगाला भोके पडत. भोके म्हणजेच अक्षरे. अशी कार्डे क्रमाने लावली की प्रोग्राम झाला. तो यंत्राच्या तोंडात दिला की यंत्र एकदाच घशात खाकरे आणि सगळे वाचून टाकी. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या कोऱ्या अंगावर काटा आला. कुणाचा आवाज नाही, नजर नाही. नुसत्या भोकांतून प्रकाश जातो, आणि समजते!

केशर भीमेकाठच्या शेलवडी गावची. सोलापुरात राहून गणितात पदवी घेतलेली आणि गिरणीत लागलेली. मितभाषी, पण तिची थट्टा प्रोग्राममध्ये बाहेर पडे. प्रोग्रामात कुठल्याही मापाला आपण नाव द्यावे, त्याची किंमत एका कार्डावर सांगावी, आणि पुढे फक्त नाव वापरावे, अशी सोय होती. नावाला सहा इंग्रजी अक्षरांची मर्यादा. तेवढ्यात केशरने आणि नीलम्माने एक निराळेच जग उभे केले होते. ‘चहा’ हे वेळेचे माप: कँटीनकडे चहा सांगितल्यापासून तो टेबलावर येईपर्यंतचा काळ. काम किती वेळ चालेल असे कुणी विचारले की नीलम्मा म्हणे, “तीन चहा लागतील की.” ‘रुद्रप’ हे रागाचे माप. त्यांचे साहेब रुद्रप्पा, त्यांचे नाव सहा अक्षरांत बसवण्यासाठी शेवटी कापलेले. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला की एक रुद्रप पूर्ण झाला.

एकदा गिरणीच्या मॅनेजरांकडे गेलेल्या छापील कागदावर कामाचा वेळ चुकून चहांतच गेला. कागद परत आला. रुद्रप्पा तो हातात घेऊन गार खोलीत उभे राहिले.

“नीलम्मा, येनिदु? हे काय? साडेतीन चहा?”

नीलम्मा स्वेटरमध्ये आत आत गेली. केशर म्हणाली, “माझी चूक आहे, सर. माप मी ठरवलं.”

“एक चहा म्हणजे किती?”

“अंदाजे बारा मिनिटं, सर.”

रुद्रप्पांनी चष्मा काढला. दोघींचे डोळे टेबलाकडे गेले. त्यांनी तो धोतराच्या सोग्याला पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. “अंदाजे? हे बघा केशरबाई, मापाला नाव थट्टेनं द्या, माझी हरकत नाही. माप मात्र थट्टेनं घ्यायचं नाही. उद्यापासून आठवडाभर घड्याळ लावून बसा.” दारापर्यंत जाऊन ते वळले. “आणि ते दुसरं माप, माझ्या नावाचं. त्याची किंमत कमी धरलीय तुम्ही.”

मी तेव्हा गठ्ठ्यात वरून तिसरे होते. हसू येऊनही मला हलता येत नव्हते.

त्याच सुमाराला भीमेवर उजनीला धरण बांधणे चालू होते आणि काठची गावे उठणार होती. नव्या गावठाणात कुणाला कुठला प्लॉट द्यायचा, यावरून जिकडेतिकडे भांडणे होत. तेव्हा पुनर्वसनाच्या कामावरच्या एका साहेबांना वाटले, हे यंत्राला सांगावे; यंत्राला ना भावकी, ना जात. काही गावांच्या घरांचे नकाशे गार खोलीत आले. त्यांत शेलवडीचाही होता. केशरने तो टेबलावर पसरला आणि बराच वेळ एका लहान चौकोनावर बोट ठेवून बसली.

त्या चौकोनात तिची आई राहत होती, सारजाबाई. एकटी. डोळ्यांनी तिला ऊन आणि सावली एवढेच कळे. केशरने तिला सोलापूरला आणायचा प्रयत्न केला होता; आठ दिवसांत ती भिंतींना धडकून परत गेली. गावात मात्र ती कुठेही फिरे, कारण गावात बजाबाई होती. सारजाबाईने उंबऱ्यात उभे राहून “बजेऽ” अशी हाक मारायची, बजाबाईने हातातले टाकून “आले गंऽ” म्हणायचे आणि यायचे. पाण्याला जाणे, चूल पेटवणे, अंगात कणकण असणे, सगळे त्या एका हाकेवर चाले. गाव उठणार हे ऐकल्यावर सारजाबाईने एकच अट घातली होती.

“बजीला माजी हाक ऐकू जात न्हाय तितं मी ऱ्हायाची न्हाय. पानी येऊ द्या, हितंच बसते.”

“मग मासळी होशील की गं म्हातारे,” बजाबाई म्हणाली.

“होईन. तू गळ टाक, तुज्याच गळाला लागंन.”

दोघी हसल्या. केशर हसली नाही. तिला आई ठाऊक होती.

ही सगळी हकिकत तिने नीलम्माला माझ्यासमोरच सांगितली, आणि मग कागदावर एक नवे नाव लिहिले: ‘हाक’. इंग्रजीत चार अक्षरे, मर्यादेत आरामात बसणारी. खेड्यात म्हणतातच, हाकेच्या अंतरावर. पण तिने पुढे किंमत लिहिली नाही. रुद्रप्पांचे शब्द तिच्या कानात होते. ती रजा घेऊन गावी गेली.

तिथे काय झाले ते मी तिच्या तोंडून ऐकले. बैल बांधायचा बारा हातांचा कासरा तिने घेतला. सारजाबाई उंबऱ्यात उभी राहिली. बजाबाई बोळातून चालत निघाली. पाच पावले गेली की केशरच्या सांगण्यावरून सारजाबाई हाक मारी, ऐकू आली की बजाबाई पदर उडवून दाखवी आणि पुढे जाई. बोळ संपला, चावडी गेली, पिंपळाचा पार गेला. माणसे दारात येऊन उभी राहिली.

“काय चाललंय गं बजे?” कोंडीबा नावाच्या म्हाताऱ्याने विचारले.

“सारजीचा गळा मोजतुया.”

“मंग लई मोठा कासरा लागंल की!”

नदीच्या उतारावर पोचल्यावर बजाबाईचा पदर उडाला नाही. तिथे केशरने खूण केली आणि कासऱ्याने अंतर मोजत आईपर्यंत आली. बावीस कासरे.

केशर परत येताच नीलम्माने गठ्ठ्यातून कार्ड उचलले. ते मी होते. मित्रांनो, आपला जन्म दोनदा होतो हे मला त्या क्षणी कळले. खट् खट् असे आवाज झाले आणि माझ्या अंगात शब्द आला: एक हाक बरोबर बावीस कासरे. माझ्या आधीचे कार्ड कासऱ्याचे होते. कासरा म्हणजे किती फूट ते त्याने सांगायचे. केशर तेव्हा कडक भाकरी आणि चटणी खात होती. तिने मला उजेडाकडे धरून तपासले आणि तिचे तेलकट बोट कोपऱ्याला लागले.

“गेलं की कार्ड! दुसरं काढू?” नीलम्मा म्हणाली.

“राहू दे. डाग कडेला आहे. भोकांना लागला नाही.”

प्रोग्रामचा नियम साधा होता. जुन्या गावात जी दोन घरे एकमेकांच्या हाकेत होती, त्यांच्या जोड्या केशरने गावातच लिहून घेतल्या होत्या; त्या नव्या गावठाणातही हाकेत राहिल्या पाहिजेत. पण अशा जोड्या इतक्या होत्या की माणसाने कागदावर बसवायच्या म्हटल्या तर धरण भरून जावे. यंत्र एक घर उचली, ठेवून बघी, दर वेळी मला विचारी, हाक किती? मी म्हणे, बावीस कासरे. पुन्हा विचारी. पुन्हा मी सांगे. मी एवढासा कागदाचा कपटा, आणि एक अख्खे गाव माझ्या शब्दावर जागा शोधत होते! कागद छापून आला तेव्हा सारजाबाईच्या आणि बजाबाईच्या प्लॉटमधले अंतर एका हाकेला थोडे कमी होते, म्हणजे वीस कासरे. केशरने तो आकडा पाहिला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

कोष्टकात सगळी अंतरे हाकांतच छापली होती. पुनर्वसनाचे साहेब ते वाचून गोंधळले. “रुद्रप्पा, हे हाक काय प्रकरण आहे?”

“खाली व्याख्या दिलीय, साहेब.”

साहेबांनी मोठ्याने वाचले: “हाक म्हणजे सारजाबाईंनी आपल्या उंबऱ्यातून मारलेली आणि बजाबाईंना ऐकू येणारी हाक. मोजून घेतलेली.” त्यांनी कागदावरून मान वर केली. “मोजून घेतलेली ना?”

“होय, साहेब.”

“मग असू द्या.”

गावठाणाच्या माळावर चुन्याची फक्की टाकून प्लॉट आखले, त्या दिवशी केशरने मला पर्समध्ये घालून नेले. आईला दाखवायचे म्हणून. माझ्या जागी तिने माझी नक्कल ठेवली होती. सारजाबाईने मला हातात घेतले आणि भोकांवरून बोट फिरवले.

“ह्ये काय गं? टोक्यानं खाल्लेल्या हरबऱ्यावानी लागतंय.”

“तुझी हाक आहे, आई.”

म्हातारीचे बोट थांबले. मग ते परत सुरुवातीला गेले आणि एकेका भोकावरून, घाई न करता, शेवटपर्यंत आले. असे मला कुणीच वाचले नव्हते. यंत्राने वाचले होते. पण ते वाचून लगेच विसरत असे.

“एवढीच व्हय?” ती म्हणाली.

मग तिला तिच्या प्लॉटवर उभे केले. बजाबाई आपल्या प्लॉटवर पाठमोरी होऊन चुलीची जागा ठरवत होती. सारजाबाईने हाक मारली, “बजेऽ!”

बजाबाई वळली नाही.

सारजाबाईने पुन्हा हाक मारली, पहिल्याहून मोठ्याने. मी केशरच्या हातात होते आणि माझ्या सर्व भोकांतून वारा जात होता. नदीकाठी दोन्ही बाजूंना धाब्याच्या घरांच्या भिंती, मध्ये अरुंद बोळ. तिथे हाक पन्हाळीतल्या पाण्यासारखी सरळ जायची. इथे ना भिंत ना झाड. वारा हाक तोंडातून काढून घेत होता आणि भलतीकडे टाकत होता. केशरने हाक मोजली होती. जागा मोजली नव्हती.

सारजाबाई चाचपडत खाली बसली. “केशर, मला माघारी ने. मी तुला आदीच सांगितलं हुतं.”

“आई, जरा थांब.”

“थांबून काय व्हनार? तिला ऐकू येत न्हाय.”

कुणीतरी सांगितल्यावर बजाबाई धावत आली. “सारजे, आईशपत, मला आवाजच न्हाय आला गं! म्या काय मुद्दाम...”

“तुला कोन काय म्हनतंय? माजाच गळा बसला.”

“गळा न्हाय बसला,” केशर म्हणाली. तिने मला पर्समध्ये ठेवले. “कासरा कुणाकडं आहे? आई, ऊठ. आपण परत मोजू.”

“आनी मोजून?”

“आधी मोजू दे.”

वाऱ्याला तोंड करून हाक मारायची, हे तिने या वेळी मुद्दाम ठरवले. बजाबाई चालू लागली. पदर उडत राहिला आणि मग फार लवकर थांबला. तेरा कासरे. सारजाबाईने आकडा ऐकला. माळावर ती लहान दिसू लागली होती.

दुसऱ्या दिवशी केशर रुद्रप्पांसमोर उभी होती. प्लॉट त्याच आठवड्यात पक्के होणार होते. “सर, माप चुकलं. त्या गावात बरोबर होतं. या गावात नाही.”

रुद्रप्पांनी चष्मा काढला. “म्हणजे सगळं पहिल्यापासून? किती कार्डं बदलायची?”

केशरने मान वर केली. “एक.”

“एक?”

“हाक किती, हे एकाच कार्डावर आहे, सर. बाकीची सगळी तिचं फक्त नाव घेतात.”

रुद्रप्पांनी चष्मा परत घातला. “मग उभ्या कशाला? घाला की.”

नीलम्माने नवे कार्ड केले: एक हाक बरोबर तेरा कासरे. माझी नक्कल काढली, ते आत सरकवले, आणि गठ्ठा यंत्राला दिला. मी टेबलावर पडून पाहत होते. यंत्र खाकरले. आणि मित्रांनो, गाव हलले! एकही माणूस उठला नाही, एकही दगड कुणी उचलला नाही. एका कार्डाची दोन-चार भोके इकडची तिकडे झाली, आणि लोकांची घरे माळावर जवळ जवळ येऊ लागली. रुंद रस्ते अरुंद झाले, घरे पाठीला पाठ लावून बसली, माळाच्या कडेची ओळ रिकामी झाली. हळूहळू ते गाव आपल्या जुन्या रूपासारखे दिसायला लागले. जुना नकाशा त्याला कुणी गिरवायला सांगितला नव्हता. सांगितले होते ते एवढेच, की हाक पोचली पाहिजे. मी कागद आहे, मला पापण्या नाहीत. पण असत्या तर त्या वेळी मी त्या मिटून घेतल्या असत्या.

नवी फक्की पडली तेव्हा कोंडीबा कमरेवर हात ठेवून म्हणाला, “एका म्हातारीच्या गळ्यापायी अख्खं गाव सरकलं की!”

“तुजंबी सरकलं न्हवं?” बजाबाई म्हणाली. “आता तुजा खोकला घरात बसून ऐकायचा आमी.”

सारजाबाई आपल्या नव्या प्लॉटवर उभी राहिली आणि तिने हाक मारली. या वेळी पदर उडायची गरज पडली नाही. “आले गंऽ!” माळावरून उत्तर आले. वारा होताच. सारजाबाईने पायातल्या वहाणा काढल्या आणि तिथल्या मातीवर पाय टेकवून पाहिले. मग केशरला म्हणाली, “जातं कुटं मांडायचं, ते ठरवू चल.”

पुढे पाणी आले. चावडी, पार, तो बोळ, सगळे खाली गेले. प्रोग्राम मात्र राहिला. आणखी गावांची कामे आली. दर गावाची हाक तिथल्या माळावर जाऊन नव्याने मोजत, पण मापाचे नाव तेच आणि व्याख्येत नावे तीच. ज्यांनी सारजाबाईला कधी पाहिले नाही, तिचा आवाज कधी ऐकला नाही, ते इंजिनियर आपल्या टेबलांवर बसून तिच्या हाकेने घरे मांडत होते.

माझे काम संपले होते. रद्द झालेल्या कार्डांच्या पाठीवर बाजाराची यादी लिहीत, कुणी त्यांची पाखरे करून पोरांना देत. मला केशरने शब्दकोशात ठेवले. तिथे मी बरीच वर्षे अंधारात होते. कोश क्वचितच उघडे. कसर खरोखरच आली होती, बाजूची पाने तिने खाल्ली. मी तिला म्हणे, इथे आधीच भोके आहेत बाई, दुसरीकडे जा.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात कोश उघडला. केशरने मला बाहेर काढले. ती नुकतीच गावाहून आली होती आणि नीलम्माला सांगत होती, सावकाश, एकेक वाक्य. दुपारची वेळ होती. सारजाबाईला छातीत कळ आली. तिने उंबऱ्यापर्यंत येऊन हाक मारली. बजाबाई भाकरी थापत होती. तशीच, पिठाच्या हातांनी आली. सारजाबाईचे डोके मांडीवर घेतले, पाणी पाजले. दोघी थोडे बोलल्याही म्हणे. मग बोलणे थांबले. आईच्या कपाळावर पीठ लागले होते, ते बजाबाईने कुणाला पुसू दिले नाही.

“मी इथं होते,” केशर म्हणाली. “पगाराच्या कार्डांवर. मी कुठल्याच हाकेत नव्हते.”

नीलम्माने पंच मशीन बंद केले. खोलीत फक्त थंड हवेचा आवाज राहिला.

संध्याकाळी रुद्रप्पा आले. ते दारातच थांबले. “केशरबाई, एक विचारायचं होतं. व्याख्येत त्यांचं नाव आहे. आता... बदलायचं का?”

केशरने मान हलवली. “नको, सर. माप तेच आहे.”

मित्रांनो, मी आता काही कामाचे नाही. माझ्यावरचा आकडा ज्या बोळाचा होता, तो पाण्याखाली आहे. ज्या गळ्याचा होता, तो नाही. तरीही केशर मला टाकत नाही, याचे मला अजून नवल वाटते. तुमच्याकडेही असे काही जुने असेल, कुणाच्या तरी हातचे, भोके पडलेले, कशाचे ते न कळणारे. टाकण्याआधी एकदा विचारा, हे कशाचे माप आहे. आणि घरात कुणी अजून हाक मारत असेल, तर एकदा चालत जाऊन बघा, ती कुठवर ऐकू येते. पाणी यायच्या आधी बघा.

त्या संध्याकाळी, रुद्रप्पा गेल्यावर, केशरने मला खिडकीत मावळत्या उन्हासमोर धरले. माझ्या भोकांतून उजेड गेला आणि तिच्या तळहातावर बारीक बारीक चौकोन पडले. तिने त्यांवरून बोट फिरवले, सुरुवातीपासून, आईने फिरवले होते तसे. शेवटच्या भोकापाशी ती थांबली, आणि दारात कुणी बोलावल्यासारखी तिने मान वळवली.